दाराला आतून कडी हवी

या आठवड्यात आपल्या भागातल्या एका सरकारी कार्यालयात आगीची रंगीत तालीम झाली. भोंगा वाजला, कर्मचारी रांगेनं जिना उतरले, आवारातल्या लिंबाखाली उभे राहिले, हजेरी झाली, फोटो निघाले. तालीम चांगली झाली, त्याबद्दल तक्रार नाही. ती संपल्यावर तिथल्या साहेबांना मी विचारलं, "आणि उद्या कुणी कोयता घेऊन आत आला, तर तुमच्या माणसांनी काय करायचं?" ते म्हणाले, "त्यासाठी कॅमेरे बसवलेत की." हे उत्तर ऐकून माझं डोकं तापलं आणि ते अजून शांत झालेलं नाही.

कॅमेऱ्यांबद्दल मी या जागेवरून पुष्कळदा लिहिलं आहे, नेहमीच्या वाचकांना ते पाठ झालं असेल. तरी पुन्हा लिहितो. मारणारा कोण होता हे कॅमेरा नंतर सांगतो. पोलिसांना आणि कोर्टाला त्याचा उपयोग होतो, मार खाणाऱ्याला त्या घटकेला होत नाही. कर्मचाऱ्याच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की आपली खाती कॅमेऱ्यांची निविदा काढतात, कारण ती खरेदी असते, तिचं उद्‌घाटन होतं. माणसांनी काय करायचं हे ठरवण्याला निविदा लागत नाही, म्हणून ते ठरत नाही.

२०२४ साल आठवा. २४ एप्रिलला बारामती तालुक्यातल्या मोरगावात महावितरणच्या शाखा कार्यालयात एक ग्राहक आला. भांडण होतं ५७० रुपयांच्या वीजबिलावरून. कार्यालयात त्या वेळी एकट्या होत्या एक वरिष्ठ तंत्रज्ञ भगिनी. रजा संपवून त्या कामावर हजर झाल्या होत्या. त्या माणसानं त्यांच्यावर कोयत्यानं वार केले. त्या वाचल्या नाहीत. बरोबर महिन्यानं, २४ मे रोजी, आपल्या इंदापुरात भर शहरात तहसीलदारांची गाडी अडवली गेली, मिरची पूड फेकली, गाडीच्या काचा फोडल्या. ते आणि त्यांचे चालक बचावले. २८ ऑगस्टला हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यातल्या आडगाव रंजे इथं एका तलाठ्याला त्याच्या कार्यालयातच गाठलं, डोळ्यांत मिरची पूड टाकली आणि चाकूनं भोसकून मारलं. चार महिने आणि चार दिवसांत या तीन गोष्टी घडल्या. त्यांतल्या दोन आपल्या अंगणातल्या.

यांतल्या मोरगाव आणि आडगाव या दोन जागांचा विचार माझ्या मनातून जात नाही. दोन्हीकडे मारणारा सरळ दारातून आला. तो दरोडेखोरासारखा मध्यरात्री भिंत फोडून शिरला नाही. दिवसाढवळ्या, कामाच्या वेळेत, काम घेऊन येणाऱ्या कुठल्याही माणसासारखा आला. सरकारी कार्यालयात कुणीही यावं, तसंच असायला हवं. पण आत बसलेल्या माणसाला "आता हे वेगळं आहे" असं कळल्यापासून पहिला वार होईपर्यंत जो वेळ मिळतो, तो किती? दोन पावलं. टेबलाच्या अलीकडून पलीकडे येण्याइतका.

आता याच्याशेजारी मुंबईची एक रात्र ठेवा. २६ नोव्हेंबर २००८, कामा आणि आल्ब्लेस रुग्णालय. तेही सरकारी, तिथली सगळी तुमच्या-आमच्यासारखी पगारी बाया-माणसं. सिस्टर अंजली कुलथे प्रसूतीपूर्व वॉर्डात रात्रपाळीला होत्या, त्यांच्या जबाबदारीवर वीस गरोदर स्त्रिया. मागच्या फाटकावरून चढून आत येणारे दोघे दहशतवादी त्यांनी खिडकीतून पाहिले, रखवालदारांना गोळ्या घातलेल्या पाहिल्या. पुढच्या काही क्षणांत त्यांनी वॉर्डाची जड दारं लावून घेतली, सगळ्या स्त्रियांना वॉर्डाच्या टोकाच्या पॅन्ट्रीत नेलं, दिवे बंद केले, आवाज करू नका म्हणून सांगितलं. बाहेर गोळ्या चालू असताना एकीला कळा सुरू झाल्या, तर तिला भिंतीला धरून-धरून प्रसूतिगृहापर्यंत नेलं. त्या वीस जणींतल्या एकीलाही इजा झाली नाही. पुढं डिसेंबर २०२२मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढं कुलथेबाईंनी हे सगळं स्वतःच्या तोंडानं सांगितलं.

त्यांच्या धैर्याबद्दल बोलायला आपल्याला आवडतं, आणि ते बोललं पाहिजेच. पण माझं लक्ष दुसरीकडे जातं. त्यांच्याजवळ एक खिडकी होती, जिच्यातून येणारा दिसला. एक दार होतं, जे आतून लागत होतं आणि जड होतं. वॉर्डाच्या टोकाला आणखी एक खोली होती. दिव्यांची बटणं त्यांच्या हाताशी होती. आणि वॉर्डातल्या प्रत्येकीनं त्यांचं ऐकलं, कारण तिथं सिस्टरचा शब्द चालतो. धैर्याला या पाच गोष्टी मिळाल्या म्हणून ते उपयोगी पडलं. मोरगावच्या त्या भगिनीकडे धैर्य कमी होतं असं कोण म्हणेल? खांबावर चढणाऱ्या खात्यात त्या तंत्रज्ञ होत्या. त्यांना वेळ मिळाला नाही. कामातल्या सिस्टरना तो मिळाला, कारण मारेकरी फाटकापाशी असतानाच दिसले. मोरगावला मारेकरी टेबलासमोर उभा होता.

म्हणून सगळी मेहनत घ्यायची ती या वेळेसाठी. कामाचं मोठं दगडी रुग्णालय बाजूला ठेवा, आपल्या तालुक्यातल्या वरकुट्यासारख्या गावातलं सजाचं कार्यालय डोळ्यांसमोर आणा. वरकुटे बुद्रुक घ्या नाहीतर खुर्द, कळस घ्या नाहीतर लासुर्णे, चित्र थोड्याफार फरकानं तेच. एक खोली. एक दार. दाराला कडी-कोयंडा बाहेरून, कुलूप बाहेरून, कारण ते केलंय रात्री दप्तर सांभाळायला. आत बसणाऱ्यानं दार लावून घ्यावं असा प्रसंग ते दार बसवणाऱ्याच्या मनातच आला नाही. आतून असलीच तर एक गंजलेली खिट्टी, जी दार रेटल्यावर स्क्रूसकट निघून येते. टेबल भिंतीला लावलेलं आणि खुर्ची टेबल नि भिंतीच्या सांदीत, म्हणजे बसणाऱ्याला उठून निघायचं तर येणाऱ्याच्या अंगावरूनच जावं लागतं. खिडकी पाठीमागं, तीही कपाटानं झाकलेली.

हे बदलायला अभियंता लागत नाही. टेबल फिरवा, म्हणजे बसणाऱ्याला दार आणि दारापलीकडचं आवार दिसेल. टेबलाऐवजी छातीइतक्या उंचीचा कट्टा बांधा, बँकेत असतो तसा; तो ओलांडायला जे दोन-चार क्षण लागतात तेच आपल्याला हवेत. कट्ट्यामागं दुसरं दार काढा, किंवा आतून जाड अडसर लागेल अशी दप्तराची खोली ठेवा. पोस्टात आणि सोसायटीच्या कचेरीत रोकड सांभाळायला जाळी लावलेली मी लहानपणापासून पाहतो आहे. नोटांसाठी जे सुचलं ते माणसांसाठी सुचायला काय हरकत होती?

दुसरी बाब, काय करायचं ते आधी ठरलेलं असणं. आगीत बाहेर पळायचं असतं. हल्ल्यात, बाहेर पडायची वाट मोकळी असेल तर निघायचं, नसेल तर दार लावून, दिवे घालवून, फोन मुका करून आत थांबायचं. बाहेर पळणं आणि आत थांबणं या दोन सवयी एकमेकींच्या उलट आहेत, आणि आपण माणसांना फक्त पहिली शिकवतो. महाराष्ट्रात आग प्रतिबंधाचा २००६चा कायदा आहे, मोठ्या इमारतींना दर जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते कागद कसे भरले जातात हा वेगळा लेख होईल, पण निदान विचारणारं कुणी तरी आहे. हल्ल्याच्या तयारीबद्दल मोरगावच्या कार्यालयाला त्या एप्रिलपूर्वी कुणी विचारलं होतं का? आडगावच्या तलाठ्याला?

सूचना किती साधी असावी याचंही उदाहरण मुंबईच्या त्याच रात्रीचं आहे. सीएसटी रेल्वे स्थानकावर उद्‌घोषक विष्णू झेंडे यांनी माइकवरून प्रवाशांना पुन्हा पुन्हा एकच सांगितलं, मागच्या बाजूनं बाहेर पडा, इकडे येऊ नका. लोकांनी ऐकलं आणि शेकडो वाचले. तालुका कचेरीत लाऊडस्पीकर आहे, जमीनमोजणीच्या तारखा पुकारायला वापरतात. त्यावरून कुठले तीन शब्द बोलायचे आणि ते कुणी बोलायचे, एवढं एका दुपारी ठरवता येईल.

परदेशातल्या श्रीमंत इमारतींकडे पाहून भुलू नका, असंही सांगितलं पाहिजे. अमेरिकेत व्हर्जिनिया बीच या शहराच्या नगरपालिका इमारतीत ३१ मे २०१९ला त्यांच्याच एका अभियंत्यानं गोळीबार केला, बारा जण गेले. तिथं कार्ड दाखवल्याशिवाय न उघडणारी दारं होती. मारणाऱ्याकडे कार्ड होतं. आत शिरू पाहणाऱ्या पोलिसांकडे नव्हतं, ते त्याच दारांपाशी अडले. काही कर्मचाऱ्यांनी मात्र खोलीचं दार लावून सामान आडवं रेटलं आणि ते वाचले. महागडं कुलूप बसवताना त्याची एक किल्ली जवळच्या पोलीस चौकीत ठेवायची असते, हे ज्याला कळलं त्याला निम्मी गोष्ट कळली.

आणि आता माझा जुना हट्ट, जो सोडणार नाही. कोतवाल. आता त्याला महसूल सेवक म्हणतात, नाव बदलून माणूस भरला जात नाही. पूर्वी तलाठी गावात आला की कोतवाल सोबत असायचा, दारात बसायचा, येणाऱ्याला ओळखायचा, कुणाच्या डोक्यात काय चाललंय ते त्याला आधी कळायचं. आज एका तलाठ्याकडे दोन-तीन सजांचा भार, दारात कुणी नाही. जिथं दोन माणसं बसतात तिथं कोयता सहसा पिशवीतून निघत नाही. याला आकडे मागू नका, गावातल्या कुठल्याही जाणत्या माणसाला विचारा. मार्चअखेर वसुलीच्या दिवसांत वायरमनला एकटा धाडणं, उपकेंद्रात रात्री सिस्टरला एकटीला ठेवणं, ही बचत नाही. त्याची किंमत मोरगावात मोजून झाली आहे.

मदत बोलावण्याची सोय मात्र आपल्या जिल्ह्यात तयार आहे, आणि याचा मला खरोखर अभिमान आहे. ग्राम सुरक्षा यंत्रणा. १८००२७०३६०० या क्रमांकावर गावातल्या एकानं फोन केला की त्याचाच आवाज नोंदलेल्या सगळ्यांच्या मोबाईलवर एकदम वाजतो. चोर आला, गंजी पेटली, बिबट्या दिसला, मूल हरवलं, लोक धावत येतात. २०२४च्या पावसाळ्यात रात्री ड्रोन फिरू लागले तेव्हा गावंच्या गावं जागी राहिली. पण तलाठी, ग्रामसेवक, अंगणवाडीताई, आशाताई, वायरमन, यांतले किती जण ज्या गावात काम करतात त्या गावाच्या यादीत आहेत? बहुतेक बाहेरगावचे. त्यांचे नंबर त्यांच्या राहत्या गावात नोंदलेले, नाहीतर कुठंच नाहीत. ज्या गावासाठी ते राबतात, त्या गावाला त्यांची हाक ऐकू येण्याची सोय नाही. ११२ आहेच, पण इंदापूर किंवा वालचंदनगरहून गाडी निघून पोचेपर्यंत शेजारच्या वस्तीवरचा माणूस तीनदा येऊन जाईल.

एक आक्षेप मला मान्य आहे आणि तो मनाला लागतो. दारं लावायला शिकवलं की साहेबलोक ती कायमची लावून बसतील, गरीब शेतकरी पायरीवरच राहील. अशी भीती वाटायला कारण आहे. जानेवारी २०१८मध्ये धुळे जिल्ह्यातले धर्मा पाटील जमिनीच्या मोबदल्यासाठी खेटे घालून थकले, मंत्रालयात विष प्यायले आणि गेले. त्यानंतर मंत्रालयात काय बसलं? कुणी उडी मारली तर अडकावी म्हणून जाळी. मोबदल्याच्या अर्जावर वेळेत उत्तर देण्याची शिस्त त्या जाळीइतक्या तातडीनं बसली नाही. मला असली सुरक्षितता नको आहे. दार दिवसभर सताड उघडं असावं, अर्ज घेणारा समोर दिसावा, फेरफार वेळेत व्हावा, बिलाची तक्रार त्याच दिवशी लिहून घेतली जावी. तेच दार गरज पडली तर एका झटक्यात आतून लागावं. दोन्ही एकाच दारात जमतं.

शिक्षेबद्दल दोनच ओळी. सरकारी कामात अडथळा आणणाऱ्या हल्ल्याची, जुन्या दंड संहितेच्या ३५३ कलमाची, शिक्षा महाराष्ट्रानं वाढवून पाच वर्षांवर नेली होती. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचं १३२ कलम आलं आणि ती पुन्हा दोन वर्षांवर आली. राज्यानं ती परत वाढवून घ्यावी, जरूर. पण शिक्षा पाच वर्षांची होती तेव्हाच मोरगाव घडलं, हेही ध्यानात ठेवा.

वरकुट्यातल्या आणि आसपासच्या वाचकांना माझी विनंती आहे. पुढच्या ग्रामसभेत हा विषय पत्रिकेवर घ्या. तलाठी, ग्रामसेवक, वायरमन, सिस्टर, अंगणवाडीताई यांना बोलवा आणि त्यांना बोलू द्या. गावातल्या प्रत्येक सरकारी खोलीच्या दाराला आतून मजबूत अडसर बसवा, टेबलं फिरवा, त्यांचे नंबर त्या रात्रीच ग्राम सुरक्षा यंत्रणेत नोंदवा. सुताराची मजुरी ग्रामपंचायतीला परवडते. ठराव झाला की मला कळवा, गावाच्या नावासह तो इथं छापेन.