रेंज नाहीये रे!

एखादा इंग्रजी शब्द मराठीत येऊन स्थिरावला की तो माहेरचं बरंच विसरतो. 'रेंज' घ्या. इंग्रजाला त्यावरून डोंगर आठवेल, बंदूक आठवेल, किमती आठवतील. आपल्याला एकच आठवतं: "हॅलो... हॅलो... अरे रेंज नाहीये इथे!"

ह्या शब्दाचे बहुतेक अर्थ एकाच जागी बघायचे असतील तर चिखलदऱ्याला जावं. गावच मुळी सातपुड्याच्या रेंजमध्ये. शेजारी गाविलगड. डिसेंबर १८०३ मध्ये वेलस्लीने तो जिंकला, पण त्याआधी स्टीव्हन्सनच्या फौजेने जड तोफा डोंगरातून ओढत उत्तरेच्या बाजूला नेल्या. तट तोफेच्या रेंजमध्ये यायला हवा ना! तिसरी रेंज वनखात्याची. कागदावर 'वनपरिक्षेत्र', बोलताना रेंज, आणि तिचा साहेब तो रेंजर.

चौथी आपली, मोबाईलची. मेळघाटात आत शिरलं की ती कुठे दगा देईल सांगता येत नाही. मोबाईलच्या लहरी डोंगर फोडून पलीकडे जात नाहीत, म्हणजे पहिली रेंजच चौथीला खाते. (नेटवर्किंगवाल्यांनी जास्त खोलात शिरू नये.)

आपली पुण्या-मुंबईची मंडळी यावर खूश. "दोन दिवस रेंज नव्हती, काय शांत वाटलं सांगू!" मला हे वाक्य हल्ली फार खटकतं. शांतताच हवी तर फोन बंद करायचं बटण असतं की राव. कोरकू वस्तीत रात्री एखाद्या बाईला कळा सुरू झाल्या तर १०८ ला फोन कुठून लावायचा? रेशन दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनलाही रेंजच लागते.

बरं, हे कुणाला माहीत नाही असंही नाही. मेळघाटातलं हरिसाल २०१६ मध्ये 'डिजिटल गाव' म्हणून गाजलं. २०१९ च्या निवडणुकीत राज ठाकरेंनी भर सभेत त्याच गावाचा व्हिडिओ लावून दाव्यांची चिरफाड केली, म्हणून पुन्हा गाजलं. निवडणूक संपली, टीव्हीवाले दुसऱ्या विषयाकडे वळले.

जंगलात टॉवर म्हटलं की वाघाचं काय, हा प्रश्न येतो. यायलाच हवा. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात टॉवर मागतंय कोण? पण जी गावं आहेत, जिथे शाळा आहे, डांबरी रस्ता आहे, तिथे गावठाणातच टॉवर उभा करायला काय हरकत आहे? वनखात्याने स्वतःच्या कामासाठी जंगलात वायरलेस कधीच बसवलाय. संपर्काशिवाय तिथे काम चालत नाही, हे रेंजरला पटलेलंच आहे.