युद्ध महिन्याचं, आणीबाणी पाच वर्षांची

६ सप्टेंबर १९६५ रोजी भारतीय सैन्याने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरची आघाडी उघडली. त्याच दिवशी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने एका मराठी हस्तलिखिताबद्दल निकाल दिला. पुस्तकाचं नाव ‘अणूच्या अंतरंगात’, विषय मूलकण आणि पुंजवाद. लेखक प्रभाकर संझगिरी हे मुंबईतले कम्युनिस्ट कार्यकर्ते, भारत संरक्षण नियमांखाली आर्थर रोडच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. पुस्तक लिहायला सरकारनेच परवानगी दिली होती. लिहून झाल्यावर, सप्टेंबर १९६४ मध्ये, त्यांनी ते छापायला बाहेर पाठवू का म्हणून विचारलं. राज्य सरकारने सहा महिने विचार केला आणि नकार कळवला. हे नियम ज्या १९६२ च्या लढाईसाठी आले, तिच्यात चीनने एकतर्फी शस्त्रसंधी केली त्याला तोवर दोन वर्षं उलटली होती.

वकिलीत माझी उभी हयात गेली, पण सरकारी युक्तिवादाचा असा नमुना क्वचितच वाचला. स्थानबद्धांसाठीच्या नियमांत पुस्तक बाहेर पाठवण्याची सवलत कुठे लिहिलेली नाही, म्हणून ती नाही! न्या. सुब्बा राव यांनी सरकारला सुनावलं की या नियमांत सवलती नव्हे, बंधनं लिहिलेली असतात, आणि जे बंधन लिहिलेलंच नाही ते लादता येत नाही. दुसऱ्याच दिवशी, ७ सप्टेंबरला, याच न्यायालयाने पाटण्यात स्थानबद्ध केलेल्या राममनोहर लोहियांच्या सुटकेचा हुकूम दिला. जिल्हा दंडाधिकाऱ्याचा आदेश नियमाच्या चौकटीत बसत नव्हता.

सीमेवर तोफा चालू असताना न्यायालय असं वागलं, याचा अभिमान वाटतो. पण हिशेब केला तर एकाचं बाड सुटलं आणि एक माणूस सुटला. स्थानबद्धाला मूलभूत हक्कांसाठी कोर्टाची पायरी चढता येणार नाही, हा राष्ट्रपतींचा आदेश १९६३ मध्येच माखनसिंग खटल्यात न्यायालयाने मान्य केला होता. तो निकाल लिहिला आपल्या साताऱ्याच्या न्या. गजेंद्रगडकरांनी.

आणीबाणी म्हटलं की आपल्याला १९७५ आठवतं. पहिली लागली २६ ऑक्टोबर १९६२ ला. चीनशी लढाई महिनाभरात संपली आणि आणीबाणी उठली १० जानेवारी १९६८ ला. नेहरू गेले, शास्त्री गेले, १९६७ ची सार्वत्रिक निवडणूकसुद्धा तिच्याच सावटाखाली पार पडली.

त्या काळात राजकारण गप्प नव्हतं, उलट ते जास्तच बोलकं झालं होतं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावं लागलं, त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण आले आणि सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, १९६३ च्या पोटनिवडणुकांत कृपलानी, लोहिया, मसानी निवडून आले आणि नेहरूंवर पहिला अविश्वास ठराव आला. संसदेत एवढा गलबला चालू असल्यावर देशात हक्क तहकूब आहेत, असं कुणाला वाटणार? ज्यांचे तहकूब होते ते देवळीच्या छावणीत होते. आसाम-बंगालमधले सुमारे तीन हजार चिनी वंशाचे लोक, बायकामुलांसकट, राजस्थानातल्या त्या छावणीत नेऊन ठेवले होते. कित्येकांचा जन्म भारतातला.

आणि होते सोनार. जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी याच संरक्षण नियमांत सुवर्ण नियंत्रणाचं कलम घुसवलं. नवा दागिना १४ कॅरेटपेक्षा चोख करायचा नाही. आमचं सांगलीतलं दुकान म्हणजे ओसरीवरची बागेसरी, फुंकणी, चिमटे आणि माझे वडील, अण्णा. आईने नुकत्याच हातातल्या दोन बांगड्या राष्ट्रीय संरक्षण निधीत दिल्या होत्या. पाठोपाठ हे आलं. पाटल्या मोडून नव्या करायला आलेल्या बायका कानाला खडा लावून परत जात. १४ कॅरेटचं सोनं कडक, त्यावर नक्षी उठत नाही आणि रंगालाही लाली मारते. अण्णा अखेर घड्याळं दुरुस्त करायला बसले. राग चीनवर धरला, दिल्लीवर नाही. लढाईचं आहे, सोसलं पाहिजे, असं ते म्हणायचे. पुढे १४ कॅरेटची अट गेली, पण नियंत्रण राहिलं. १९६८ मध्ये त्याचा स्वतंत्र कायदा झाला, तो रद्द व्हायला १९९० उजाडलं. चीनशी झालेल्या लढाईशी त्याचा काय संबंध उरला होता, हे विचारायचंही कुणाला सुचलं नाही.

अण्णांसारख्या सज्जनांच्या या समजूतदारपणावरच पुढचं सगळं उभं राहिलं, असं माझं मत आहे. ३ डिसेंबर १९७१ ला बांगलादेश युद्धासाठी पुन्हा आणीबाणी लागली. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या, पण आणीबाणी तशीच राहिली. जून १९७५ मध्ये तिसरी आली ती या दुसरीच्या डोक्यावर. स्थानबद्धतेच्या ज्या ‘मिसा’ कायद्याखाली माणसं उचलली तोही १९७१ चाच. त्या मंत्रिमंडळात सह्याद्रीवाले यशवंतराव परराष्ट्रमंत्री होते, हे आपण भाषणांत वगळतो. मोरारजी मात्र स्थानबद्ध होते, दीड वर्षाहून जास्त काळ. आणि १९७१ ची ती युद्धाची आणीबाणी अखेर मार्च १९७७ मध्ये उठवली मोरारजींच्याच सरकारने.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने काही दारं बंद केली. जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आता आणीबाणीतही तहकूब होत नाही. मात्र आजच्या सरकारांना आणीबाणीची गरजही उरलेली नाही. मे २०२५ च्या भारत-पाकिस्तान संघर्षात ‘एक्स’ या समाजमाध्यमाला आठ हजारांवर खाती रोखण्याचे आदेश मिळाले, असं कंपनीनेच जाहीर केलं. असे आदेश साध्या माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली निघतात आणि गोपनीय असतात. कोणाचं काय आणि का रोखलं, हे आपल्याला बघायला मिळत नाही. संझगिरींच्या हातात निदान नकाराचं पत्र तरी होतं.

लढाईच्या काळात सरकारने काहीच रोखू नये, असं मी म्हणत नाही. सैन्याच्या हालचाली कुणी छापू नयेतच. पण असा प्रत्येक आदेश तीस दिवसांनी आपोआप संपावा, पुढे न्यायचा असेल तर सरकारने संसदेत उभं राहून कारण सांगावं, आणि ज्याचं तोंड बंद केलं त्याला कारणाचा कागद मिळावा. १९६२ मध्ये ही तीस दिवसांची अट असती, तर शस्त्रसंधीनंतर आठवडाही उलटायच्या आत त्या सरकारला संसदेपुढे यावं लागलं असतं.