क्रूझचे तिकीट काढताना

सहकुटुंब क्रूझवर जायचे ठरले की घरात चर्चा होते ती भाड्याची. पण ऐनवेळी बंदरावरून परत फिरावे लागते ते नियम न वाचल्यामुळे.

सून गर्भवती असेल तर आठवडे मोजताना निघण्याची नव्हे, परतण्याची तारीख धरा. सफर संपेपर्यंत २४ वा आठवडा लागणार असेल तर बहुतेक कंपन्या जहाजावर घेत नाहीत. बाळही सहसा किमान ६ महिन्यांचे लागते. लांबच्या सफरीत वर्षाचे.

परदेशी जाताना परतीच्या तारखेनंतर पासपोर्टची मुदत किमान ६ महिने उरलेली असावी. बार्सिलोनाहून निघून, तुर्कस्तानात थांबून ग्रीसमध्ये उतरणार असाल, तर एकाहून अधिक प्रवेशांचा शेंगेन व्हिसा घ्यावा लागतो. कारण तुर्कस्तान शेंगेनमध्ये नाही.

बोट लागत असेल तर खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यभागातली केबिन मागा. तिथे हेलकावे कमी बसतात. आजी-आजोबांची औषधे हातातल्या पिशवीतच ठेवा, कारण मोठे सामान केबिनमध्ये उशिरा पोहोचते.

बंदरशुल्क आणि टिप भाड्यात धरली आहे का, हे शेवटी विचारा. आधी मात्र घरातले सगळे जहाजावर चढू शकतील ना, याची खात्री करा. मगच पैसे भरा.