नखशिखांत

‘नखशिखांत’ हा शब्द आपण नित्य वापरतो. परंतु त्यातील शिखेची जितकी निगा राखली जाते, तितकी नखांची राखली जात नाही. शाळेत प्रार्थनेनंतर नखे तपासतात, तीही हातांचीच. पायांची नखे बुटांत दडलेली असतात आणि त्यांचे दुखणे तेथेच वाढते.

माळव्याची काळी माती पावसाळ्यात पायाला चिकटली की सुटत नाही. काळीसिंधेच्या काठच्या आमच्या सोनकच्छच्या परिसरात सोयाबीनच्या शेतांतून राबणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. नोकरदारांच्या पायांवर हेच काम ओले मोजे करतात. चिखल्यांना कोणी आजार मानीत नाही. पाऊस सरला की त्या जातील, ही समजूत. पुष्कळदा जातातही, परंतु त्यांत बुरशी असली तर ती हळूच शेजारच्या नखाखाली शिरते. नख टोकाकडून पिवळसर पडते, जाड होते, पुढे ठिसूळ होऊन त्याचा भुगा पडू लागतो. नखुरडे ठणकते, म्हणून माणूस त्याच दिवशी दवाखाना गाठतो. बुरशी सहसा दुखत नाही, म्हणून वर्षानुवर्षे नांदते. लहान मुलांत ती क्वचित आढळते. वयाबरोबर नखाची वाढ मंदावते, पायाकडे रक्त कमी पोचते आणि तिला सवड मिळते.

पाया पडायला वाकलेल्या नातवापुढे लुगड्याच्या काठाखाली पाय आखडून घेणारी आजी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. मधुमेह असेल तर मात्र प्रश्न संकोचापुरता राहत नाही. जाड नख मांसात रुतते, चिरेतून जंतू शिरतात, बधिर झालेल्या पायाला त्याचा पत्ता लागत नाही आणि एवढ्याशा जखमेपायी पाऊल गमावण्याची पाळी येते. अशा व्यक्तीने आपली नखे ब्लेडने कोरू नयेत. ती जाणकाराकडून कापून घ्यावीत.

उपचाराआधी तपासणी हवी. बिघडलेल्या नखांपैकी सुमारे निम्म्याच नखांत बुरशी असते. उरलेल्यांच्या मागे सोरायसिस, घट्ट बूट, जुना मार अशी कारणे निघतात. नखाचा तुकडा व त्याखालचा भुगा पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की बुरशीचे तंतू दिसतात. देवासला किंवा इंदूरला त्वचारोगतज्ज्ञाकडे एक खेप घालावी. औषध महिनोन्महिने घ्यावयाचे असते, तेव्हा ही खेप फुकट जात नाही.

टोकापुरती लागण असेल तर नखावर लावायचे औषधी रोगण काही वेळा पुरते. मुळापर्यंत गेली असेल तर पोटात औषध घ्यावे लागते. पूर्वी ग्रिसिओफुल्व्हिन वर्षभर आणि अधिकही घ्यावे लागे. आता प्रौढांना बहुधा टर्बिनाफीनची २५० मिलिग्रॅमची गोळी रोज एक, अशी १२ आठवडे देतात. यकृताची तपासणी करून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ती घ्यावी. लिंबू, व्हिनेगर, हळद यांनी नख बरे होते, याला भरवशाचा पुरावा नाही. दुकानदाराने सुचविलेली ‘खाजेची ट्यूब’ तर त्याहून वाईट! तीत बहुधा स्टिरॉइड असते. खाज थांबते, बुरशी पसरते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी कित्येक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास मनाई केली, तरी आपली सवय गेलेली नाही.

लोक निराश होतात ते पुढे. गोळ्या संपतात आणि नख तसेच्या तसे दिसते. बिघडलेले नख सुधारत नसते. ते पुढे सरकत जाते आणि मुळाशी नवे उगवते. पायाचे नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढते. अंगठ्याचे पुरे बदलायला वर्ष-दीड वर्ष लागते. मुळाशी स्वच्छ पट्टी दिसू लागली की औषध लागू पडले, असे समजावे. दिसत नसेल, तर स्वतः गोळ्या न वाढविता डॉक्टरांना पुन्हा दाखवावे.

बरे झालेले नख पुन्हा बिघडू शकते. म्हणून पाय धुतल्यावर बेचकी कोरडी करावीत, मोजे रोज बदलावेत, एकच बूट लागोपाठ दोन दिवस घालू नयेत, नखे सरळ कापावीत आणि घरभर एकच नेलकटर फिरवू नये. चिखल्या दिसताच त्यांवर उपचार करावा.

पावसाळा संपून दिवाळी येते. त्या पहाटे वडीलधाऱ्यांच्या पायांना तेल लावणारे हात घरात असतातच. तेव्हाच त्यांच्या नखांकडे नजर टाकावी, बोटे विलग करून पाहावीत आणि स्नानानंतर बेचक्यांत राहिलेले तेल-पाणी पंचाने टिपून घ्यावे.