पांढरीची राखण

फ्रान्स देशाच्या दक्षिण किनाऱ्यावर मार्सेलिस नावाचे बंदर आहे. १९१० साली स्वातंत्र्यवीर सावरकरांनी बोटीतून समुद्रात उडी घेतली, ती याच बंदरात. या शहरानजीकच्या कड्यात एक प्राचीन गुहा आहे. तिचे तोंड समुद्राच्या पाण्याखाली ३७ मीटर खोल आहे. आंरी कोस्केर हा पाणबुड्या १९८५ साली तीत शिरला आणि १९९१ साली तीतील चित्रांची वार्ता जगाला कळली. भिंतींवर घोडे आहेत, सील आहेत आणि माणसांच्या हातांचे ठसेही आहेत. त्यांतील सर्वांत जुने ठसे पंचवीस हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे आहेत. त्या काळी समुद्र पुष्कळ खाली व दूर होता. पुढे हिमयुग सरले, बर्फ वितळले, पाणी चढले आणि गुहेचे दार बुडाले. उरलेल्या चित्रांनाही आता वाढत्या पाण्याचे भय आहे.

यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही; परंतु प्राचीन मानवाचा वारसा मात्र आहे. तो खडकात नसून मातीत आहे. शेतीची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, असा भेद खेडोपाडी फार जुना आहे. मातीची घरे पडतात, त्यांवर नवी उठतात; चुलींची राख व फुटकी भांडी तेथेच साचतात. शेकडो वर्षांत त्यांचे टेकाड बनते. बाभूळगाव तालुक्यातील पाचखेड येथे असेच एक टेकाड आहे. २०२३-२४ साली नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने तेथे उत्खनन केले. साडेआठ मीटरांहून अधिक जाडीचे थर आढळले. तळाशी लोहयुगाची वस्ती, तिच्यावर सातवाहनकाळ, त्यावर मध्ययुग आणि माथ्यावर निजामकाळ, असा त्यांचा क्रम आहे. तळाची वस्ती सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची ठरली. लोखंडाच्या वस्तू, मणी, खापरे आणि एका गोल घराची चुनखडीची जमीन तेथे मिळाली. घराभोवती लाकडी खांबांच्या खुणा होत्या व जवळच चूल होती.

खापरांत आणि राखेत मोलाचे ते काय, असे पुष्कळांना वाटते. ही समजूत चुकीची आहे. सोन्याच्या नाण्याने राजाचे नाव कळेल; परंतु सामान्य माणूस काय रांधीत होता आणि कसल्या घरात राहत होता, हे चूल आणि खापरच सांगते. तेही आपल्या थरात असेल तरच! जागेवरून उचललेले खापर म्हणजे पोथीतून फाटलेले पान होय. त्यावर अक्षरे असतात, पण मागचापुढचा संबंध तुटलेला असतो.

अनेक ठिकाणी पांढरीची माती गाड्या भरून नेली जाते. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. ही माती शेताला मानवते, भिंतींना उपयोगी पडते. आणि शेतकऱ्याची गरज खरीच असते. तरीही एक भेद ध्यानी घ्यावयास हवा. शेणखत पुढल्या वर्षी पुन्हा तयार होते. तीन हजार वर्षांची पांढर पुन्हा तयार होत नाही. म्हणून माती अन्यत्र शोधावी, पांढरीला कुदळ लावू नये, हेच शहाणपणाचे आहे.

हे काम केवळ सरकारचे नव्हे. प्राचीन वारसा जपणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हणून राज्यघटनेत सांगितले आहे. विद्यार्थ्यालाही ते सहज करता येईल. पावसाने उघडा पडलेला मणी दिसला, तर तो खिशात घालण्याचा मोह होतो. तो आवरून वस्तू तेथेच राहू द्यावी, जागा नीट ध्यानात ठेवावी व शिक्षकांना सांगावे. गावाच्या इतिहासाची ही खरी सेवा होय.

मार्सेलिसच्या गुहेत शिरणाऱ्या समुद्राला ‘थांब’ म्हणून सांगता येत नाही. गावच्या पांढरीवर पडणाऱ्या कुदळीला मात्र ते सांगता येते. जे थांबविणे माणसाच्या हाती आहे, ते त्याने न थांबविल्यास दोष कोणाला द्यावा?