विश्लेषण : जमिनीखालच्या खाणींच्या पोकळ्या कशा शोधतात?

चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथे ऑगस्ट २०२२ मध्ये एक राहते घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. घरातील माणसे वेळीच बाहेर पडल्याने बचावली. हा भाग जुन्या भूमिगत कोळसा खाणीवर वसलेला आहे. पायाखाली काय आहे, हे आधी कळू शकते का?

पोकळी का राहते?
भूमिगत खाणीत छत तोलून धरण्यासाठी कोळशाचेच खांब सोडले जातात. खाण बंद करताना मोकळ्या जागेत वाळू भरली नाही, तर कालांतराने खांब खचतात, छत ढासळते आणि पोकळी हळूहळू वर सरकते. ती पृष्ठभागाजवळ आली की जमीन अचानक खचते.

जुने नकाशे पुरेसे नाहीत?
नाहीत. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात क्वेक्रीक खाणीत जुलै २००२ मध्ये कामगारांनी नकळत शेजारच्या बंद खाणीची भिंत फोडली. हाती असलेल्या नकाशात ती खाण बरीच दूर दिसत होती. पाण्याचा लोंढा शिरला, ९ कामगार अडकले. सुमारे ७७ तासांनी सर्वांची सुटका झाली.

सर्वेक्षण कसे होते?
जमिनीत वीजप्रवाह सोडून विद्युत रोधकता मोजतात. हवेने भरलेली पोकळी वीज अडवते. खाणीचे पाणी साचलेली पोकळी ती सहज वाहू देते. दुसरी पद्धत गुरुत्वाकर्षणाची. पोकळीत वस्तुमान कमी, म्हणून तिच्यावर गुरुत्वाकर्षण किंचित घटते. हा फरक मायक्रोगॅलमध्ये मोजतात. एक मायक्रोगॅल म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचा सुमारे एक अब्जावा भाग. कृत्रिम कंपनलहरी आणि रडार या आणखी दोन पद्धती.

मर्यादा कोणत्या?
पोकळी जितकी लहान आणि खोल, तितकी ती सापडणे अवघड. विदर्भातील काळ्या चिकणमातीत, विशेषतः ती ओली असताना, रडारच्या लहरी लवकर विरतात. शिवाय ओलसर मातीचा थर आणि पाण्याने भरलेली पोकळी यांचे विद्युत संकेत सारखे दिसू शकतात. म्हणूनच दोन-तीन पद्धती एकत्र वापरतात आणि संशयास्पद जागी विंधनछिद्र घेऊन खात्री करतात.

मग अडते कुठे?
तंत्रज्ञान उपलब्ध आहे. प्रश्न ते कधी वापरायचे याचा आहे. घर गडप झाल्यावर यंत्रे आणून मोजणी करण्याला खबरदारी म्हणत नाहीत. बंद खाणींवरील वस्त्या, शाळा आणि रस्ते यांची तपासणी आधी व्हायला हवी आणि धोक्याचे नकाशे ग्रामपंचायत, नगर परिषदेत लोकांना पाहता आले पाहिजेत. कोळसा काढून झाला म्हणजे जबाबदारी संपली, असे होत नाही. खालची पोकळी तशीच राहते आणि तिच्यावर माणसे राहत असतात.