रिम वाढली, रबर गेलं

‘मोठी चाकं टाक. गाडी रस्त्याला चिकटून चालेल, खड्डे जाणवणार नाहीत, पिकअप वाढेल, आणि दिसेल तर काय विचारूच नकोस!’ नव्या गाडीवरचा हार सुकायच्या आत रत्नागिरीत कुणी ना कुणी हा सल्ला देतंच. शेवटच्या मुद्द्याशी माझं भांडण नाही. हौसेला मोल नसतं, आणि पैसा ज्याचा त्याचा. पण हौसेचं समर्थन यंत्रशास्त्राच्या नावाने होऊ लागलं की हिशेब मांडावाच लागतो.

सगळा घोळ मापात आहे. टायरवर 185/65 R15 असं काहीतरी छापलेलं असतं. टायरची रुंदी 185 मिलिमीटर, रुंदीच्या 65 टक्के उंचीची साइडवॉल आणि 15 इंचांची रिम, असा त्याचा अर्थ. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला 165/80 R14 चाकं येतात, वरच्याला 185/65 R15. कागद-पेन्सिल घेऊन दोन्ही चाकांचा पूर्ण व्यास काढा. पहिल्याचा येतो सुमारे 620 मिलिमीटर, दुसऱ्याचा साडेसहाशेच्या आसपासही नाही, जेमतेम 621. रिम एका इंचाने वाढली, चाक मात्र होतं तेवढंच राहिलं. वाढलेल्या धातूसाठी जागा केली ती रबराने. साइडवॉल 132 मिलिमीटरवरून 120 वर आली. हौशी मालक तिथे थांबत नाही. तो 195/55 R16 घालतो, तेव्हा रबर उरतं 107 मिलिमीटर. 205/45 R17 घालतो, तेव्हा 92. दोन बोटं रुंदीचं रबर गेलं कुठे, हे त्याला कळतं पहिल्या खड्ड्यात.

आता ‘मोठं चाक खड्डा सहज ओलांडतं’ या दाव्याकडे येऊ. तो खोटा नाही. बैलगाडीचं चाक उगाच उंच नसतं. व्यास जितका मोठा, तितकं चाक खळग्यात कमी उतरतं. पण हा गुण पूर्ण व्यासाचा आहे, रिमचा नव्हे. बाहेरचा व्यास तोच ठेवून आतली रिम फुगवणाऱ्याला तो मिळत नाहीच, उलट खड्ड्याचा मार गिळणारी हवेची गादी तेवढी पातळ होते. साइडवॉल म्हणजे गाडीचं पहिलं सस्पेन्शन. स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर नंतर कामाला लागतात. ही गादी चेपून रिमला टेकली की दोनांतलं एक ठरलेलं: रिम वाकते, किंवा आतले धागे तुटून टायरला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, टाकूनच द्यावा लागतो.

आणि आपले खड्डे तरी कसले? इथल्या खड्ड्यांना धारदार कडा असतात. महामार्गाचं चौपदरीकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं, त्यामुळे गुळगुळीत काँक्रीट संपून डायव्हर्शनच्या डांबरावर उतरताना किती वेळा पायरीच लागली, हे मुंबई-गोवा रस्त्यावर गणपतीला आलेल्या चाकरमान्यांना विचारा. गावाकडच्या अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली की डावी चाकं साइडपट्टीवर उतरवावीच लागतात. पावसाने तांबडी माती वाहून गेलेली असते, आणि डांबराची कड सुरीसारखी उघडी पडलेली. परत वर चढताना ती कड टायरच्या बगलेवर घासते. इथे 132 मिलिमीटरवाला सुटतो, 92 वाला सापडतो. मग स्टेपनी काढायची; तीही जुन्याच मापाची असेल तर तीन चाकं एका जातीची, चौथं दुसऱ्या. आणि लांजा-राजापुरात रात्री 14 किंवा 15 इंची टायर एक वेळ मिळेल, 17 इंची लो-प्रोफाइलसाठी सकाळची वाट पाहण्याची तयारी ठेवा.

‘पण थारला तर 18 इंची चाकं आहेत!’ असा प्रतिवाद लगेच येतो. बरोबर आहे. थारचं माप 255/65 R18. साइडवॉल किती झाली? जवळजवळ 166 मिलिमीटर. म्हणजे स्विफ्टच्या सर्वांत जाड रबरापेक्षाही सव्वा इंचाहून जास्त. शिवाय तिची चासी, गिअर, ब्रेक सगळं त्या चाकासाठी आखलेलं. थारचा दाखला माझ्या बाजूचा आहे, त्यांच्या नव्हे.

पिकअपचं प्रकरण याहून सोपं आहे. काहीजण बाहेरचा व्यासही वाढवतात. समजा 185/65 R15 च्या जागी 205/60 R16 आलं. चाक 652 मिलिमीटरचं झालं, म्हणजे पाच टक्के मोठं. प्रत्येक फेऱ्यात गाडी पाच टक्के अधिक अंतर कापते, आणि इंजिनाचा जोर मात्र तेवढाच. परिणामी रस्त्यावर मिळणारी ओढ जवळपास तितकीच घटते. सगळे गिअर कुणीतरी गुपचूप पाच टक्के उंच करून ठेवल्यासारखं हे आहे. साखरप्याहून आंबा घाट चढताना, गाडीत पाच माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या आणि एसी चालू असेल तर जिथे तिसरा गिअर पुरत होता तिथे दुसरा टाकावा लागेल. उतरतानाही सुटका नाही. त्याच गिअरमध्ये इंजिनाचा अडसर कमी पडतो, ब्रेक जास्त दाबावे लागतात, आणि मोठ्या व्यासाच्या चाकाला थांबवायला तेच कॅलिपर तोकडे पडतात.

त्यात वजन. चाकाच्या कडेला वाढलेला किलो हा डिकीतल्या किलोसारखा नसतो. त्याला गाडीबरोबर पुढेही न्यायचं असतं आणि स्वतःभोवती फिरवायचंही असतं, म्हणून वेग घेताना तो जवळपास दोन किलोंइतका भार टाकतो. शिवाय हे वजन स्प्रिंगच्या खालचं. जड चाक उसळलं की त्याला पुन्हा रस्त्यावर टेकवणं शॉकॲब्सॉर्बरला जड जातं. ‘अलॉय म्हणजे हलकं’ हा समज बाजारातल्या स्वस्त ओतीव रिमना लागू पडेलच असं नाही. विकत घेण्याआधी वजनकाट्यावर ठेवा एवढंच सांगतो.

एक गंमतही सांगतो. काटा आधी अचूक असेल, तर पाच टक्के मोठं चाक लावल्यावर गाडी खरोखर 84 ने धावत असताना काटा 80 दाखवतो. काट्याने खऱ्याहून कमी वेग दाखवता कामा नये, हा गाडी बनवणाऱ्यांना घातलेला नियम. तो मालक स्वतःच्या खर्चाने मोडतो. किलोमीटरही कमी मोजले जातात. त्यामुळे ‘ॲव्हरेज पार पडलं हो’ म्हणून जो रडतो, त्याच्या रडण्यातला थोडा भाग निव्वळ मोजणीतली चूक असतो. उरलेला खरा असतो.

रस्त्याला चिकटण्याच्या दाव्यावर मात्र थोडं थांबायला हवं, कारण त्यात सत्याचा अंश आहे. आरे-वारेच्या वळणांवर, कोरड्या डांबरावर, ठेंगण्या साइडवॉलचा टायर कमी वाकतो. स्टेअरिंग फिरवलं की गाडी चटकन वळते. हे मी मान्य करतो. मोठ्या रिममध्ये मोठी ब्रेक डिस्क बसते, हेही मान्य. पण ‘रुंद टायर म्हणजे रस्त्याशी जास्त संपर्क’ हे तितकं खरं नाही. चाकावर 250 किलोचा भार आणि टायरमध्ये 32 पीएसआय हवा असेल, तर जमिनीला टेकणारा भाग साधारण 110 चौरस सेंटिमीटरचाच राहतो, टायर अरुंद असो की रुंद. बदलतो तो आकार: लांबट ठसा आखूड आणि रुंद होतो. कोरड्या रस्त्यावर याचा वळणात फायदा होतो. पाण्यावर तोटा होतो, कारण रुंद टायरला पुढचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, आणि ते सारलं गेलं नाही तर टायर पाण्यावर तरंगू लागतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. कोरड्या रस्त्याचं शास्त्र इथे वर्षातले चार महिने गैरलागू असतं.

‘रेसच्या गाड्या बघा’ म्हणणाऱ्यांनी खरंच बघाव्यात. ॲलेक इसिगोनिसची मिनी 1959 मध्ये आली ती 10 इंची चाकांवर, आणि वळणावरची तिची चपळाई आजही नावाजली जाते. तिने 1964, 1965 आणि 1967 ची माँटे कार्लो रॅली जिंकली. फॉर्म्युला वन 2021 पर्यंत 13 इंची रिमवर धावत होती. 2022 ला 18 इंची आल्या, तेव्हा जाड साइडवॉल जे काम फुकट करत होती ते सस्पेन्शनकडून करून घेण्यासाठी संघांना गाड्या नव्याने आखाव्या लागल्या. आपण मात्र रिम बदलतो आणि बाकी गाडी कंपनीने दिली तशीच ठेवतो.

कायद्याचं एका वाक्यात: मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठासून सांगितलं. अपघातानंतर विमा कंपनीला हे आठवतं, आधी नाही.

मग हौशी माणसाने करायचं काय? माझं उत्तर सरळ आहे. तुमच्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनीने जे माप दिलं आहे, तिथपर्यंत जा. त्या मापासाठी सस्पेन्शन आणि स्पीडोमीटर आधीच तपासलेले असतात. 14 वरून 15 झालं तर कुणाचं काही बिघडत नाही, गाडी जरा बऱ्यापैकी वळतेही. त्यापुढचा पैसा रिमवर घालू नका, रबरावर घाला. ओल्या रस्त्यावर चांगली पकड देणारे टायर घ्या, अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून घ्या, हवा महिन्याला तपासा. गाडी रस्त्याला धरून चालते ती यामुळे. मडगार्डच्या बाहेर डोकावणाऱ्या चाकांमुळे नव्हे. त्यांनी फक्त बेअरिंग लवकर जातात आणि मागच्या दारांवर चिखल उडतो.

टायरच्या नक्षीची कायद्याने ठरवलेली किमान खोली 1.6 मिलिमीटर आहे. आपल्या पावसात तिथपर्यंत वाट बघू नका. तीन मिलिमीटर उरले की मे महिन्यातच टायर बदला, आणि बदलताना माप तेच ठेवा.